धरून ठेवलेली खुर्ची

गेक नोय ही बाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. सिंगापुरातल्या बेडोकच्या खाऊबाजारात तिने आणि तिच्या नवऱ्याने अडतीस वर्षं माशाच्या गोळ्यांच्या शेवया विकल्या. नवरा हियांग पहाटे बंदरावरून मासा आणायचा, काटे काढायचा आणि मांस परातीत आपटून आपटून इतकं चिवट करायचा की गोळा खाली पडला तर उसळी मारून वर यावा. मागे तो, पुढे ही. तो दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप, त्यातले निम्मे नुसते "हं". बाकीचं सगळं बोलणं हिच्याकडे. गिऱ्हाइकं तिला "तौकेन्यू" म्हणायची, म्हणजे मालकीणबाई. ऐकून ऐकून नवराही तेच म्हणायला लागला. लग्नाच्या बायकोला नावाने हाक मारल्याचं त्याचं त्यालाही आठवत नसेल.

दुकानासमोरच्या टेबलांवरही तिचंच राज्य. दुपारी बाराला ऑफिसं सुटली की तिथे काय झुंबड उडते, ते पाहिलेल्यालाच ठाऊक. आधी जागा धरायची, मग रांगेत लागायचं. जागा धरायला टेबलावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट टाकलं की काम झालं. कुणी छत्री ठेवतं, कुणी ऑफिसचं गळ्यातलं कार्डच काढून ठेवतं. पाकीट दिसलं की समजायचं, इथे माणूस आहे. मग त्याला कुणीही हात लावायचा नाही, कितीही मोठा साहेब असला तरी. एकदा एका शिष्ट तरुणाने पाकीट बोटाने बाजूला सारून बसकण मारली, तेव्हा गेक नोय झारा घेऊनच बाहेर आली होती. "काय रे, डोळे आहेत की माझ्याकडचे गोळे बसवलेत खोबणीत? ऊठ आधी!" तो उठला. कोण नाही उठणार?

मग हियांग विसरायला लागला. आधी मीठ दोनदा पडायचं. मग एकाच गिऱ्हाइकाला तीनदा रस्सा. एके दिवशी त्याने सकाळचा सगळा मासा धुऊन नीट गटारात ओतला आणि परात रिकामी का म्हणून हिच्याकडेच बघत बसला. त्या आठवड्यात दुकान बंद झालं.

यंदा मार्चमध्ये तो अंधारातच घराबाहेर पडला. पाच तासांनी जुन्या मासळीबंदरावर सापडला, एका उपड्या खोक्यावर बसलेला. "बोट आली नाही अजून," एवढंच म्हणाला. ती बोट यायची बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती.

त्याच संध्याकाळी खिमने कागद आणले. खिम ही त्यांची एकुलती एक मुलगी, चव्वेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरी, लग्न नाही, आईबापांबरोबरच राहायची, त्यांना मा आणि पा म्हणायची. पोरगी वाईट नव्हती हो. उलट जरा जास्तच चांगली होती, म्हणूनच पाच तासांत तिचं रक्त आटलं होतं.

"मा, असल्या माणसांची काळजी घेणारं एक घर आहे. तिथे एक खाट मोकळी होतेय. मी ती पाच्या नावाने धरून ठेवलीय. महिनाअखेर हो की नाही ते सांगायचंय."

गेक नोयने आकांडतांडव केलं. भांडी आपटली. दोन दिवस जेवली नाही. शेवटी मायलेकींचा एक करार झाला. खिमने वडिलांच्या पंच्याहत्तरीसाठी बोटीची सहल आधीच ठरवून ठेवली होती, सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत आणि परत. "पाच दिवस," खिम म्हणाली. "त्या पाच दिवसांत पा कुठे हरवला नाही, काही गोंधळ झाला नाही, तर मी खाट सोडते. पण एकदाही नाही हं, मा."

"एकदाही नाही," गेक नोयने छातीवर हात ठेवून सांगितलं.

बोट कसली, तरंगतं गावच होतं ते. चार हजार माणसं, कानठळ्या बसवणारी गाणी, घसरगुंड्या, पोरांचा कलकलाट. पण सगळ्यात वर, पुढच्या टोकाला, काचेच्या एका दारापलीकडे बोटीतच दुसरी बोट होती. तिची लिफ्ट वेगळी, जेवणघर वेगळं, पोहायचा तलाव वेगळा, खुर्च्यांवरचे टॉवेलसुद्धा वेगळ्या रंगाचे. आत जेमतेम शंभर माणसं, तीही हळू आवाजात बोलणारी. गर्दी बघितली की हियांग बावचळायचा, म्हणून खिमने मन मोठं करून तिथली खोली घेतली होती. दाराशी मारिवीक नावाची फिलिपिनो बाई असायची. गळ्यातलं कार्ड लावलं की दार उघडायचं. आतून बाहेर जाताना मात्र नुसतं ढकललं तरी पुरे.

गेक नोयला तिथलं एक धड रुचेल तर शपथ. खोलीवर नेमलेला गडी तिची बॅग उघडायला आला, तर तिने त्याला हाकललंच. "माझे कपडे मी लावीन, तू कोण?" रात्री त्याने उशांचं मेन्यूकार्ड आणून दिलं. "उशी खायची आहे का?" तिने खिमला विचारलं. खिम हसली, हियांगही हसला, आणि दोन दिवस कसे निर्विघ्न पार पडले. गेक नोय झोपताना नवऱ्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून झोपायची, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला खिमची मालिशची वेळ होती. ती दारात घुटमळली. "जाऊ ना नक्की? सांभाळशील?"

"अडतीस वर्षं कुणी सांभाळला, तुझ्या मॅनेजरने? जा, अंग चेपून घे. चेहरा बघ कसा झालाय."

खिम गेली आणि हियांगने तोंड मिटलं. समोर पिवळा रस ओतलेलं अंडं होतं, त्याने ताटली सरकवली. फळं सरकवली. गोळ्या रिकाम्या पोटी चालायच्या नाहीत, आणि दहाची गोळी चुकली की दुपारपर्यंत त्याचं डोकं पार भरकटायचं, हे तिला पक्कं माहीत होतं. "पेज," तो म्हणाला. पेज मागवली. आली ती खळीसारखी घट्ट, वर कसलंसं महागडं तेल. त्याने वास घेतला आणि मान वळवली.

"अरे म्हाताऱ्या, खा ना दोन घास!"

"ही पेज नाही, तौकेन्यू."

खरंच नव्हती. पण पहिल्या दिवशी बोटीवर चढताना तिने मोठ्या बोटीतलं जेवणघर पाहिलं होतं. तिथे एका कोपऱ्यात खरी, पातळ, शितं मोजून घ्यावी अशी पेज होती. बाजूला खारवलेलं अंडं आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं. खाली जाऊन यायला दहा मिनिटं. त्याला न्यावं तर गर्दी. पहिल्या दिवशी त्याच गर्दीत त्याने तिचा दंड इतका घट्ट धरला होता की काळानिळा पडला.

मग तिने आयुष्यभर जे केलं तेच केलं. वरच्या सज्ज्यावर सावलीचा एक कोपरा होता, तिथल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर तिने हियांगला बसवलं. दुसरीवर खिशातलं कागदी रुमालांचं पाकीट ठेवलं. पाकिटाने भागेलसं वाटेना, तेव्हा गळ्यातलं कार्डही काढून त्यावर ठेवलं.

"ही माझी जागा. राखायची. मी आल्याशिवाय हलायचं नाही. कळलं का?"

"हं," हियांग म्हणाला.

ती काचेचं दार ढकलून बाहेर पडली. खाली गेली, रांगेत लागली, वाडगाभर पेज घेतली, त्यात खारवलेलं अंडं ठेवलं, वर आली. बारा मिनिटं झाली असतील. हात दाराकडे गेला आणि दार हललंच नाही.

"मॅडम, कार्ड?" मारिवीक हसून म्हणाली.

"आत आहे. खुर्चीवर."

"खुर्चीवर?"

"जागा धरलीय."

मारिवीकचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कार्ड तिथे सोडून कुणी जातं का, मॅडम?"

"आमच्याकडे जातात! अगं उघड ना, दोन दिवस बघतेस मला."

"बघते हो, मॅडम. माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण दार माझ्या विश्वासावर उघडत नाही. कार्ड नसलं तर ज्यांनी खोली घेतली त्यांना बोलवायचं, असा नियम आहे. मिस खिम ना? लावू फोन?"

 फोन? खिमला? बाप वर एकटा आहे, आई बाहेर अडकलीय, हे कळायचा अवकाश, की खाट पक्की. "नको," ती म्हणाली. "नको, नको. ती येईलच. मी थांबते इथे."

थांबते म्हणाली खरी, पण पाय थांबेनात. दाराबाहेरच्या जिन्यावरून वरच्या सज्ज्याचा कठडा दिसायचा, पण नेमका तो कोपरा खांबाआड. ती टाचा उंचावून बघायची. पांढरा कठडा, त्यापलीकडे नुसता समुद्र. बाई गं! हियांगला समुद्र दिसला की मासा आठवायचा. रोज सकाळी तो विचारायचा, बोट आली का. आणि आता तो साक्षात बोटीवरच बसला होता. उठला, कठड्यावरून वाकला, तर? तिने तो विचार दोनदा झटकला. तिसऱ्यांदा तो झटकून जाईना.

तेवढ्यात एक उंच गोरी बाई आली, पांढरे सुती कपडे, मोठी हॅट. तिने कार्ड लावलं, दार उघडलं. गेक नोय वाडगा सांभाळत तिच्या मागोमाग घुसायला गेली.

बाई वळली. तिने गेक नोयची फुलाफुलांची पँट बघितली, रबरी चपला बघितल्या, वाडगा बघितला. "आंटी, हा भाग सगळ्यांसाठी नाही. जेवणाचं खाली आहे, तिकडे जा," असं गोड आवाजात म्हणाली आणि दार तिच्यामागे मिटलं.

झारा असता तर! पण हातात पेज होती. गेक नोयच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाच जास्त राग आला. अडतीस वर्षं जिने दुसऱ्यांच्या जागा राखल्या, तिला आज कुणीतरी जागा दाखवून गेलं होतं.

वीस मिनिटं झाली. पंचवीस. पेजेवर साय धरली. तिने मारिवीकला विचारलं, "वर कुणाला पाठवून बघता येईल का? म्हातारे गृहस्थ आहेत, निळा सदरा. नुसतं बघून यायचं."

मारिवीकने समोरच्या पडद्यावर बोट फिरवलं आणि तिचं हसू मावळलं. "मॅडम, इथे लिहिलंय, यांना एकटं सोडायचं नाही. एकटे आहेत का ते?"

खिमने फॉर्ममध्ये लिहिलं होतं. लिहिणारच.  आता खोटं बोलावं तर गेक नोयचं तोंड उघडेना, आणि खरं बोलावं तर नवरा हातचा जाणार.

एवढ्यात मारिवीकच्या कमरेचं यंत्र खरखरलं. आतल्या बोटीवरचा कुणीतरी बोलत होता. अर्धं कळलं, अर्धं नाही. वरचा सज्जा. वयस्क गृहस्थ. आरडाओरडा. कठड्याजवळ.

 गेक नोयच्या हातातला वाडगा कलला, थोडी पेज मनगटावर सांडली, तिला पत्ताही लागला नाही. खाट जाऊ दे चुलीत, करार जाऊ दे. माणूस राहिला तर खाटेचं पुढे बघता येईल.

"लाव," ती म्हणाली. "लाव फोन. माझ्या मुलीला बोलाव. सांग, तुझ्या आईने घोळ घातला."

खिम आली ती पांढऱ्या झग्यात, केसांतून तेल ओघळत, पायांत कागदी सपाता. तिने आईकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं. "पा कुठाय?" एवढंच.

"वर. मी पेज आणायला गेले होते. कार्ड खुर्चीवर ठेवलं."

"खुर्चीवर!" खिमचा आवाज चिरकला. तिने आईला हाताने बाजूला सारून कार्ड दाराला लावलं, आणि ते सारणं गेक नोयला चार शिव्यांपेक्षा झोंबलं. दार उघडलं. लिफ्टची वाट न बघता दोघी जिन्याने पळत सुटल्या, एकीच्या सपाता फाटत होत्या, दुसरीच्या हातातली पेज डचमळत होती.

सज्ज्यावर माणसं उभी होती. ती मघाची हॅटवाली बाई, तिचा लठ्ठ नवरा, टॉवेल देणारा बालीचा माणूस. आणि त्यांच्यासमोर हियांग. दोन्ही हात पसरून, सावलीतल्या रिकाम्या खुर्चीला पाठ लावून, स्वतः उन्हात उभा. घामाने सदरा चिंब, एक पाय उघडा. आणि गळ्याच्या शिरा ताणून तो ओरडत होता, दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस ओरडत होता, "इथे माणूस आहे! सांगितलं ना, माणूस आहे इथे!"

टॉवेलवाल्याने खिमला बघून हात जोडले. "चूक माझी झाली, मिस. इथे खुर्च्या धरून ठेवायच्या नसतात, म्हणून मी ते पाकीट आणि कार्ड उचलून काउंटरवर नेलं. परत आलो तर यांनी खुर्चीवर स्वतःची चप्पल ठेवली होती. ती मी खाली ठेवली. मग यांनी चष्मा ठेवला. या बाईंना बसायचं होतं, त्यांनी चष्मा यांच्या हातात दिला. तेव्हापासून हे स्वतःच उभे आहेत. पाणी दिलं, पीत नाहीत. बसा म्हटलं, बसत नाहीत."

"दुसऱ्या खुर्च्या आहेत की भरपूर," हॅटवाली म्हणाली. "आम्हाला फक्त सावली हवी होती. आणि आंटी, तुम्ही पुन्हा इथे..."

"ती माझी आई आहे," खिम म्हणाली. "आणि ही खुर्ची तिची आहे."

हॅटवालीचा नवरा काहीतरी पुटपुटला आणि तिला कोपराला धरून पलीकडे घेऊन गेला. टॉवेलवालाही दूर झाला.

गेक नोयचा जीव भांड्यात पडला होता.  ती पुढे झाली, "आले रे, म्हाताऱ्या, आले," असं म्हणत खुर्चीकडे वळली. हियांगने हात आडवा घातला.

"माफ करा, आंटी. इथे बसता नाही यायचं. माणूस आहे."

गेक नोय जागच्या जागी थांबली. त्याने तिच्याकडे सरळ बघितलं होतं. डोळ्यांत ओळखीचं काही नव्हतं. नुसती घाई होती, की ही कोण बाई मध्येच आली, हिला पटकन वाटेला लावावं.

मागे खिमने श्वास आत घेतलेला तिला ऐकू आला. घ्या! चाळीस मिनिटं दहाच्या गोळीशिवाय, उन्हात, आणि तेही पोरीच्या डोळ्यांदेखत. सगळं संपलं, तिला वाटलं. तरीही तोंडातून निघालं ते खाऊबाजारात हजारदा ऐकलेलं, दुपारी बारा वाजता कुणीही कुणालाही विचारावं असं.

"कोण आहे इथे?"

"तौकेन्यू. पेज आणायला गेलीय."

"ती येईपर्यंत टेकू का जरा? पाय दुखतात."

हियांगने विचार केला. वर-खाली बघितलं तिच्याकडे, चपलांकडे, वाडग्याकडे. "टेका," तो शेवटी म्हणाला. "पण ती आली की लगेच उठायचं हं. तोंडाची फार फटकळ आहे ती. मला बोलेल."

"उठेन," गेक नोय म्हणाली, आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

हियांगही बसला. मग कुठे त्याचे हात खाली आले. तिने चमच्याने साय बाजूला केली, पेज पुढे धरली. त्याने वास घेतला. तोंड उघडलं. चार चमचे, सहा चमचे. खारवलेल्या अंड्याचा तुकडा. तिने खिशातून गोळी काढली, त्याने मुकाट्याने गिळली. अनोळखी बाईच्या हातून! तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. रुमालांचं पाकीट काउंटरवर होतं.

खिम लाकडी जमिनीवरच बसली, झगा पसरून, तेलकट केसांनी. बापाची चप्पल तिने शोधून आणली आणि त्याच्या पायात घातली. तळवा लालभडक झाला होता. तिने तो थोडा वेळ हातात धरून ठेवला.

"मा, तो हलला नाही."

"हं."

"सगळी चाळीस मिनिटं. एक पाय उघडा, उन्हात. हलला नाही. हरवलीस ती तू."

"मी हरवले ना? मग मला टाक त्या खाटेवर," गेक नोय नाक ओढत म्हणाली. "ओळखलं नाही त्याने मला. बघितलंस ना? मग काय विचारतेस? कर तुला काय करायचं ते."

 खिम बापाकडे बघत होती. बाप दर घासागणिक मान उंचावून जिन्याच्या तोंडाकडे बघत होता.

"त्या घरी मी खाट धरून ठेवलीय ना," खिम म्हणाली, "तिच्यावरचं आपलं पाकीट उचलते. बसू दे दुसऱ्या कुणाला."  मग म्हणाली, "पण मालिशबिलिश बंद. घरी एक बाई ठेवायची, आणि तू तिच्याशी भांडायचं नाही. कबूल?"

"बघू," गेक नोय म्हणाली. तेवढं तरी तिला म्हणायलाच हवं होतं.

अर्धी पेज उरली तेव्हा हियांगने चमचा बाजूला सारला. "पुरे. राहिलेली तिला." त्याने वाडगा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि निवू नये म्हणून त्यावर तळहात ठेवला. पुन्हा जिन्याकडे बघितलं. "उशीर झाला तिला."

"येईल," गेक नोय म्हणाली. "गर्दी असेल खाली."

"हं," हियांग म्हणाला.

ती खुर्चीच्या कडेलाच बसून राहिली, उठायच्या तयारीत, आणि त्याच्याबरोबर जिन्याकडे बघत राहिली.